ब्रेकले दोन मानसं लागतात

गाडीचं इंजिन एकटा मानूस खोलू शकते. पंचर तं कोनीही काढते. पन ब्रेकची हवा काढाची असन तं दोन मानसं लागतात, अन् त्या दोघायले एकमेकासंग बोलाच लागते. नाई बोलले तं काम होत नाई. आता तुमी म्हनान, यात काय मोठं सांगतलं? मोठं हे हाय का त्या दोघायपैकी एक मी होती, दुसरा आमचा बुढा होता, अन् आमचा अबोला चालू होता. साधासुधा नाई. पोळ्याले धरला होता म्या, अन् कापूस येचाले आला तरी सोडला नव्हता.

माहं नाव सत्यभामा. आमचा बुढा म्हन्जे माहा नवरा, श्रावण मिस्त्री. दारव्ह्याले यवतमाळच्या रोडवर आमचं टिनाचं शेड हाय, तेच गॅरेज, अन् शेडाच्या मांगं दोन खोल्या, तेच घर. लग्न होऊन आली तवापासून ब्रेकच्या कामाले सीटवर मीच बसतो. गाडी चालवता येत नाई मले, पन दारव्ह्यातल्या एकाही जीपचा ब्रेक माह्या पायानं दाबल्याशिवाय राह्यला नसन.

काम सोपं हाय. तो चाकापाशी खाली लोळते, मी वर बसतो. तो म्हंते, "दाब." मी ब्रेकचं पेडल दोन-चार खेपा दाबतो. तो म्हंते, "धर." मी पाय गच्च खाली धरून मोठ्यानं सांगतो, "धरलं!" मंग तो चाकाजवळचं निप्पल पान्ह्यानं ढिलं करते, तथून तेलासंग हवेचे बुडबुडे निंगतात, अन् पेडल पायाखाली खोल जाते. तो निप्पल कसते अन् म्हंते, "सोड." तवाच पाय सोडाचा. आंधी सोडला का गेलेली हवा वापस आत. असं करत करत बुडबुडे सरतात, पेडल कडक होते, झाला ब्रेक. म्हन्जे दाब, धर, धरलं, सोड. एवढंच बोलनं. तेवढ्यानं काही अबोला मोडत नाई, असं म्या माह्या मनाशी ठरवून टाकलं होतं. ते काम हाय, ते बोलनं नोहे.

अबोला काहून धरला ते सांगतो. मोनाली आमची एकुलती एक पोरगी. नर्स हाय, तिकडं झरी जामणीच्या जंगलातल्या उपकेंद्रावर. तथं आश्रमशाळेतला एक मास्तर भेटला तिले, आत्राम म्हनून, कोलाम समाजाचा. चांगला मानूस. दोघायनं कोर्टात लग्न केलं अन् मंग आमाले सांगतलं. आता आमचा बुढा काही जात-बीत पाहानारा नाई. विहारात सगळ्यायच्या पुढं बसून बोलनारा मानूस तो. त्याचं एकच तुनतुनं, "मले इचारलं नाई." म्या म्हटलं, इचारलं असतं तं तुमी हो म्हनले असते का? तं म्हने, "ते पुढचं. इचारलं नाई." घ्या! अशा मानसासंग काय बोलाव?

पोळ्याच्या टायमाले समोरच्या पानठेल्यावर पोरीचा फोन आला. "आई, सहावा लागला मले. बाळंतपनाले घरी येऊ का?" पयलं बाळंतपन माहेरीच होते, त्याले का इचारा लागते? पन पोरीले इचारा लागलं, यातच माहा जीव तुटला. म्या रिसीव्हर हातात धरूनच रोडच्या या बाजूले आवाज देल्ला, "अवो, मोनाली बाळंतपनाले येतो म्हंते!" पानठेल्यावर चारचौघं उभे होते. बुढ्यानं एका जीपच्या बोनटातून डोकं वर काढलं अन् म्हने, "कोन मोनाली?"

आमचा रोड काही तेवढा रुंद नाई. पोरीनं आयकलं. "ऱ्हाऊ दे आई," म्हने, अन् फोन ठेवला.

त्या दिवशी म्या त्याले शेवटचं सांगतलं. म्हटलं, "जवापर्यंत तुमी माह्या पोरीचं नाव तोंडातून काढत नाई, तवापर्यंत माह्या तोंडातून तुमाले शब्द भेटनार नाई." तो रॉकेलनं हात धुवत बसला. मले वाटलं, दोन दिवसात येईन ताळ्यावर. कायचा येते!

मंग बुढ्यानं आमच्या दारातल्या बकरीची वाट पकडली. जेवाले बसला का बकरीकडं तोंड करून म्हने, "आज भाजीत मीठ नाई वाटते." मीही काही कमी नाई. मी बकरीले सांगो, "ज्याले मीठ पाह्यजे त्याच्या हाताले लकवा मारला का, इचार बाई त्याले." बकरी आपली रवंथ करे. पयले पयले मले हसू ये. पदर तोंडाले लावून हसो मी. मंग हसू येनं बंद झालं. घरात दोन मानसं अन् आवाज एकाचाही नाई. एखादं भांडं पडलं तं बरं वाटे, आवाज तं झाला म्हनून. मी नळावर मुद्दाम शेवटी जाओ अन् ज्या बाया भेटतीन त्यायच्यासंग काहीबाही बोलत बसो. घरी येऊन पाहो तं बुढा तसाच बसला राहे, तोंडाले कुलूप लावून. एवढं एकटं मले माह्या माय-बापाच्या मांगंही वाटलं नव्हतं. एकटं असनं अन् दोघं असून एकटं असनं, यात लय फरक हाय.

त्या सालात रोडवरही जीव नव्हता. कापसाले भाव नाई, म्हनून कोनाच्याच हातात काही नाई. जीपवाले घासलेले टायर तसेच चालवत, आवाज करनारी गाडी तशीच पिटाळत. पयले जिनिंगच्या गेटापुढं कापसाच्या गाड्यायची लाइन आमच्या शेडापर्यंत ये, आता तथं कुत्रे झोपत. बाहेरगावच्या पांढऱ्या गाड्या मात्र लय जात, काचा वर करून. यवतमाळ जिल्हा पाहाले येत म्हने लोकं. आमच्याकडं कोनी थांबे नाई. बुढा दिवसभर स्टुलावर बसून पान्हे पुसे. पुसलेलेच पान्हे वापस पुसे. पाहून कीव ये मले, पन बोलाव कसं? शब्द देऊन बसली होती.

मधातमधात पानठेल्यावरून मी पोरीले फोन करो. तिचे दिवस भरत आले तवा म्या ठरवलं, आता जाचं. ती येत नाई ना माहेरी, तं माहेरच उठून तिच्याकडं जाईन. अन् गेली का वापस याचं नाई. नर्सबाईच्या लेकराले सांभाळाले कोनी लागनच ना! म्या पेटी भरली. डिंकाचे लाडू, गोधड्या, अन् माहे सगळे लुगडे. एकही मांगं ठेवलं नाई, म्हन्जे त्याले न सांगता समजाव.

जाची सोय अमरसिंगनं केली. अमरसिंग राठोड, इकडच्याच एका तांड्यावरचा, काळी-पिवळी जीप चालवते. झरीकडून कापूस येचाच्या बाया आनाले तो जानार होता. म्हने, "काकू, मी तुमाले पोरीच्या दारात उतरवतो. तीन ठिकानी गाड्या बदलत पेटी कुठं घेऊन फिरता?" फक्त जाच्या आंधी त्याले जीपचे ब्रेक करून पाह्यजे होते. त्याची जीप जुनी, ड्रमच्या ब्रेकची. दिवाळीच्या टायमाले बायायनं भरलेली जीप उतारावर थांबलीच नाई, बांधात घातली तवा थांबली. तवापासून तो भेलेला. नागपूरच्या बजारातून समोरच्या दोन चाकायसाठी डिस्क ब्रेकचा सेट घेऊन आला. कंपनीचा नाई, बाहेरचा. खोक्यावर ना नाव ना गाव.

सकाळी जीप शेडात लावून अमरसिंग म्हने, "काका, उन्हं उतराच्या आत झाली पाह्यजे. काकूले घेऊन आजच निंघतो."

बुढ्यानं माह्याकडं नाई पाह्यलं, ओसरीतल्या पेटीकडं पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मंग खोकं उघडून कामाले लागला.

ड्रम काढले, डिस्क बसवल्या, त्याच्यावर कॅलिपर बसवले, नळ्या जोडल्या. कॅलिपर म्हन्जे तो चिमटा जो डिस्कले दोन्हीकडून आवळते. हवा काढाचं निप्पल त्याच्यावरच राह्यते. बुढ्याचा हात कामात पाहाले आजही बरं वाटते, काहून खोटं बोलू? एक नट खाली पडत नाई त्याचा. सगळं झालं तवा त्यानं जीपच्या टपावर दोनदा थाप मारली. म्हन्जे माहं बोलावनं. आवाज देनं बंद झालं तवापासून असंच चाले.

मी जाऊन सीटवर बसली.

मांगचे चाकं लवकर झाले. समोर आलो अन् गाडं अडलं. "दाब." दाबलं. "धर." "धरलं!" सुर्र करून पेडल खाली. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. पेडल काही कडक होईना. चिखलात पाय घातल्यासारखं नरम. एका बाजूनं झालं नाई म्हनून बुढा दुसऱ्या बाजूले गेला. तथंही तेच. मांगचे चाकं पुन्हा पाह्यले, समोर आला, तेच. तेल टाकीत गेलो अन् काढत गेलो. माह्या पोटऱ्यायले गोळे आले.

मधात जेवन झालं. तो शेडात जेवला, मी आत जेवली. बकरीशीही कोनी बोललं नाई.

दुपारी अमरसिंग आला, पेडल दाबून पाह्यलं, तं थेट खाली. त्याचं तोंड उतरलं. "काका, सेटच खराब हाय का? दुसऱ्या कोनाले दाखवू का?"

"दाखव ना," बुढा खालून म्हने. "ने ढकलत."

अमरसिंग मंग माह्याकडं पाहून हळूच म्हने, "काकू, नाई झालं तं मले दुसऱ्याची जीप पाहा लागन. तथं बसाले जागा भेटन का नाई, काही सांगता येत नाई. बाया वाट पाहून राह्यल्या तिकडं." अन् तो चहा प्याले पानठेल्यावर गेला.

तिकडं पोरीचे दिवस भरलेले, अन् इथं मी चार बोटं तेलात अडकलेली! पाय मोकळे कराले खाली उतरली. तेलाची बाटली लवंडली होती ती उचलाले वाकली, अन् चाकाच्या आत नजर गेली. पाहातो तं काय, निप्पल खालच्या अंगाले!

अव माय!

हवा कुठं राह्यते? वरतं. बाटली आडवी करून पाहा, तेल खाली अन् हवा वर. निप्पल वर असन तं हवा निंगन. खाली असन तं नुसतं तेल निंगते, अन् हवा आपली वर मजेत बसून राह्यते. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन पाह्यलं. तथंही खालीच. म्हन्जे बुढ्यानं डाव्या चाकाचं कॅलिपर उजवीकडं बसवलं होतं अन् उजवीकडचं डावीकडं. असं तं वर्षभर दाबत बसली असती तरी ब्रेक झाला नसता. नवीन लग्न झालं तवा या मानसानंच मले शिकवलेली गोष्ट हाय ही. अन् तोच चुकला!

पयले मले आनंद झाला, खोटं कायले सांगू? लय टेंभा मिरवते, म्हटलं, चुकला ना शेवटी! पन लगेच ध्यानात आलं का हे सांगा लागन. अन् सांगनं म्हन्जे दाब-धर नोहे, ते बोलनं हाय. सांगतलं तं माहा शब्द मोडते. नाई सांगतलं तं जीप जात नाई. आता आली का पंचाईत!

मंग म्याही बकरीचीच वाट पकडली. शेडाच्या खांबाले बांधली होती ती. म्या मोठ्यानं सांगतलं, "आयकतं का बाई, कोनाचं डावं उजवं झालं म्हंते! निप्पल खाली अन् हवा वर!"

बकरीनं कान हलवले. बुढा जीपखालून म्हने, "दाब."

मले वाटलं, आयकू नाई गेलं. सीटवर बसून पुन्हा सांगतलं, अजून मोठ्यानं. पानठेल्यावरचे लोकं वळून पाहाले लागले एवढ्या मोठ्यानं.

"धर," बुढा म्हने.

"धरलं," मी म्हनली. सवयीनंच निंघून गेलं तोंडातून.

"सोड."

पुन्हा "दाब." पुन्हा "धर." उन्हं शेडाच्या टिनावरून खाली सरकाले लागले होते. मले पोरीचं तोंड दिसाले लागलं. ऱ्हाऊ दे आई, म्हने. गेलं मंग माहं डोकं! म्या पेडलवरचा पाय काढला, खाली उतरली, अन् जीपच्या बाजूले वाकून सरळ त्याच्याशीच बोलली.

"अवो, उलटे बसले कॅलिपर! डावं उजवीकडं, उजवं डावीकडं! हवा का जमिनीत घुसनार हाय?"

मले त्याचे फक्त पाय दिसत होते, टाचायले भेगा पडलेले. मंग तो म्हने, "मले माईत हाय."

"माईत हाय? कवापासून माईत हाय?"

"बसवले तवापासून."

माह्या डोक्शात तिडीकच गेली. "मंग सकाळपासून मले कायले दाबाले लावलं? पाय मोडले ना माहे! का माही पोरगी तिकडं एकटी राहाव म्हनून करून राह्यले हे? कोन्त्या जन्माचं वैर काढून राह्यले तुमी?"

"नाई," तो म्हने. "पोरीसाठी नाई केलं."

"मंग कायसाठी?"

"तू बोलत होती ना."

"मी? मी कवा बोलली?"

"धरलं, धरलं म्हनत होती. दर खेपेले." आवाज असा येत होता जसा कुठून लांबून येते. "निप्पल वर ठेवलं असतं तं चार खेपेत झालं असतं काम. अन् तू पेटी घेऊन गेली असती. वापस येत नाई तू, मले माईत हाय, सगळे लुगडे भरले तुवा. म्हटलं, आजचा दिवस हाय. जेवढं भेटन तेवढं आयकून घ्याव."

काय सांगू तुमाले. राग असा आला का हातातली बाटली फेकून माराव, अन् रडू असं आलं का तथंच फतकल मारून बसाव. मले वाटे, या घरात एकटी मीच हाय. भिंतीशी बोलाची पाळी माह्यावरच आली, असं वाटे. हा मानूस तिकडं स्टुलावर बसून माहा एक शब्द कानावर पडन म्हनून बसला राहे, हे मले काय ठाऊक?

पन मीही सत्यभामा हाय. रडली तरी बोलली. "एवढं आयकाचं होतं तं एक नाव घ्याले काय झालतं तुमाले? एक नाव! ते घेतलं असतं तं मी दिवसभर बोलली असती. तुमीच म्हनले असते, पुरे कर बाई आता. पोरगी तुमची, नातू तुमचा होनार, अन् तुमी मले पेडल दाबाले लावता! पोरीच्या बाळंतपनाले निंघालेल्या बाईले दिवसभर पेडल दाबाले लावता! लाज नाई वाटत?"

"वाटते," तो म्हने.

एवढंच बोलला. मंग रांगत बाहेर आला. माह्याकडं पाह्यलं नाई. दोन्ही चाकं काढले, नळ्या सोडवल्या, कॅलिपर खोलले, इकडचं तिकडं अन् तिकडचं इकडं केलं. त्याच्या हातातून एक नट खाली पडला. म्या उचलून देल्ला. त्यानं घेतला, पन तोंड उघडलं नाई. मी मनात म्हटलं, झालं. नाई घेत हा नाव. मरन पन नाई घेत. आता ब्रेक होईन, मी जाईन, अन् हा इथं बकरीसंग राहीन. आपल्या हातानं ओढवून घेतलं यानं, मी काय करू? असं म्हटलं खरं, पन पेटीकडं पाहावलं नाई मले.

काम झालं. तो पुन्हा खाली गेला, मी वर बसली. वाट पाहून राह्यली त्याच्या 'दाब'ची. येईना. मले वाटलं, पान्हा शोधत असन.

"मोनालीचे माय," तो म्हने, "दाब."

आता तुमाले सांगा लागते. हे माहं नाव हाय. पोरगी झाली तवापासून त्यानं मले दुसऱ्या नावानं कधी आवाजच देल्ला नाई. सत्यभामा म्हनाले त्याले लाज वाटे. अन् पानठेल्यासमोर चारचौघात 'कोन मोनाली' म्हनून बसला, त्या दिवसापासून मले आवाज द्याले त्याच्यापाशी नावच उरलं नव्हतं. पोरीले पुसाले गेला अन् संग मलेही पुसून बसला, वेडा मानूस! मी समजो, रागानं बकरीसंग बोलते. टपावर थापा मारते, मी समजो, अकड हाय. अव, त्याले मले बोलवताच येत नव्हतं! एवढे दिवस मी त्याच्या तोंडून पोरीचं नाव मांगून राह्यली होती, अन् त्याच नावात मी होती, हे माह्या ध्यानात नाई आलं.

म्या पेडल दाबलं.

"धर."

धरलं म्या. पन म्हनता येईना.

"मोनालीचे माय, धरलं का?"

"धरलं," मी म्हनली.

त्यानं निप्पल ढिलं केलं. भस्सकन हवा निंघाली, सकाळपासून दाबून बसलेली. पेडल खाली गेलं. "सोड." पुन्हा दाबलं, पुन्हा धरलं. दोन-तीन खेपेत पायाले समजलं का आता होऊन राह्यलं. तो खालून म्हने, "कोन्ता लागला तिले?"

"लागला म्हने! दिवस भरले तिचे. या हप्त्यात नाई तं पुढच्यात."

"तब्येत?"

"पायाले सूज हाय म्हने."

"अशात कोन पाह्यते तिले? धर."

"धरलं. मास्तर पाह्यते. सयपाकही तोच करते म्हने."

"मास्तर करते?" त्यानं निप्पल कसलं. "सोड." मंग म्हने, "बरं हाय."

दुसऱ्या चाकाकडं गेला तो. मी आरशात पाह्यलं तं माहे डोळे लाल, नाक लाल. आता खाली लोळलेल्या मानसाले का दिसते? अन् मलेही त्याचं तोंड दिसत नव्हतं, म्हनूनच बोलून राह्यला होता तो. समोरासमोर असता तं एक शब्द नसता काढला.

"वापस येशीन?" त्यानं इचारलं.

"तुमच्यासाठी नाई येनार," मी म्हनली. "मोनाली येतो म्हनली तं तिले अन् लेकराले घेऊन येईन. नाई म्हनली तं राहीन तथंच. तिच्या हातात हाय आता."

"तिले म्हना," तो म्हने, अन् थांबला. कोनाले 'म्हना' म्हनून राह्यला हा, मले समजेना. त्यानं मले जन्मात कधी तुमी म्हटलं नव्हतं. घाबरला होता तो. "तिले सांग, बापानं बोलावलं."

"सांगतो."

"धर."

"धरलं."

पायाखाली पेडल दगडासारखं कडक. इंचभर जाते अन् थांबते. असा ब्रेक का सगळी जीप बायायनं भरून घाटात उतरवाव. आता नुसतं 'झालं' म्हनाचं होतं. झालं म्हटलं का अमरसिंग येईन, पेटी चढवन, अन् मी ह्याच जीपमंधी बसून जाईन. जाच होतं मले, पोरगी वाट पाहून राह्यली होती. अन् हा इथं राहीन, दोन खोल्या अन् एक बकरी. उद्या सकाळी उठून कोनाले आवाज देईन?

"कसं हाय?" बुढ्यानं इचारलं.

पानठेल्यावरून अमरसिंग रोड ओलांडून येतच होता, पेटीकडं हात करत. "काकू, झालं का वो?"

"नाई रे बापा," मी म्हनली. "नरम हाय अजून."

बुढ्याच्या हातातल्या बाटलीत तेल स्वच्छ येत असन, बुडबुडा नसन एकही, ते का मले माईत नाई?

तो खालून म्हने, "हो, हवा हाय अजून. अमरसिंग, तू बस जरा, चहा पी."

"आताच तं पेलो, काका."

"आखीन पी." अन् मले म्हने, "दाब, मोनालीचे माय."